ठाण्यातली वही कुणासाठी? पोलिसांना प्रश्न विचारण्याचा दीडशे वर्षांचा प्रवास

व्याख्यानमाला इतिहासाची आणि विषय पोलीस ठाण्याचा, हे काहींना विचित्र वाटेल. पण एक साधा प्रसंग बघा. कुणाची मोटारसायकल चोरीला जाते. तो तक्रार देतो, महिनाभर थांबतो, मग ठाण्यात जाऊन विचारतो, ‘साहेब, माझ्या तक्रारीचं काय झालं?’ उत्तर मिळतं, ‘तपास चालू आहे.’ यापुढे काय विचारायचं, ते त्याला सुचत नाही. तो ‘बरं’ म्हणतो आणि परत येतो. ते का सुचत नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

उदाहरण म्हणून आपण बुटीबोरी डोळ्यांसमोर ठेवू. नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तासाभराच्या आत येणारं हे गाव. एकेकाळी शेतीचं, आज राज्यातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. सूत, टायर, वीज अशा कारखान्यांत विदर्भातून आणि परप्रांतांतून आलेली माणसं काम करतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. महामार्ग आहे, रेल्वे आहे, रात्रपाळी आहे. म्हणजे पोलिसांशी काम पडण्याची कारणं भरपूर आणि पोलिसांची ओळख कमी.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. पोलिसांनी आपल्या कामाची लेखी नोंद ठेवावी, ही सक्ती इथे पहिल्यापासून आहे. पण ती नोंद वर जायची, साहेबाकडे, मॅजिस्ट्रेटकडे. ज्याची तक्रार, त्याच्याकडे ती यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. म्हणून पोलिसांना प्रश्न विचारायचा म्हणजे नेमकी नोंद मागायची, हे आपण शिकलं पाहिजे.

आता सुरुवातीकडे जाऊ. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीने खालसा केलं. मग सत्तावनचा उठाव झाला. त्यानंतर इंग्रजांनी देशभराच्या पोलीस व्यवस्थेची नव्याने बांधणी केली आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याच वर्षी नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांतही तयार झाला. पुण्या-साताऱ्याकडे मुंबई इलाख्याचे वेगळे पोलीस कायदे होते. आपल्याकडे मात्र हा १८६१ चा कायदा चालला.

त्या कायद्याचं ४४ वं कलम आजच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. ठाण्याच्या अंमलदाराने रोजची डायरी ठेवायची. तिच्यात काय लिहायचं? आलेल्या सगळ्या तक्रारी, अटक केलेल्यांची नावं, तक्रारदारांची नावं, कोणत्या गुन्ह्याचा आरोप, कोणती हत्यारं किंवा माल जप्त केला, कोणते साक्षीदार तपासले. बघा, आज आपल्याला जे जे विचारायचं असतं, ते जवळपास सगळं या यादीत आहे. आणि ही डायरी बघायला कोण मागवू शकतं? कायदा म्हणतो, जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट. तक्रारदाराला ती बघता येईल, असं या कलमात कुठेही नाही. त्याचं नाव डायरीत आहे, पण डायरी त्याच्यासाठी नाही.

गावपातळीवरही तेच. मध्य प्रांतात गावचा कोटवाल ठाण्यावर जाऊन गावातल्या जन्म-मृत्यूची, गुन्ह्याची खबर द्यायचा. गावाची माहिती ठाण्याला मिळायची. ठाण्याची माहिती गावाला देण्याचं काम कुणाकडेच नव्हतं.

ही व्यवस्था बरी चालत नाही, हे सरकारलाही कळत होतं. १९०२ मध्ये पोलीस आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर, हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले, म्हणजे नागपूरचा कारभार आतून पाहिलेले अधिकारी. आयोगाचा निष्कर्ष कडक होता. पोलीस कार्यक्षम नाहीत, त्यांचं प्रशिक्षण आणि त्यांच्यावरची देखरेख अपुरी आहे, लोक त्यांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. उपाय काय सुचवले? चांगला पगार, चांगली भरती, वरच्या अधिकाऱ्यांची जास्त देखरेख. यातले बरेच उपाय योग्यच होते. पण रोग असा सांगितला की लोकांचा विश्वास नाही, आणि औषध दिलं ते वरून देखरेख वाढवण्याचं.

स्वातंत्र्य आलं, विदर्भ महाराष्ट्रात आला, मुंबई पोलीस अधिनियम १९५१ आपल्यालाही लागू झाला. तक्रारदाराच्या हातात कागद ठेवणारं वाक्य १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं. कलम १५४, पोटकलम २. दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतली की तिची प्रत खबर देणाऱ्याला लगेच आणि मोफत द्यायची. आज आपण ‘एफआयआरची कॉपी’ म्हणतो ती हीच.

आता एक जड प्रसंग सांगायचा आहे, आणि तो आपल्याच विदर्भातला आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आज गडचिरोलीत. एका अल्पवयीन आदिवासी मुलीच्या भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली होती, त्यासाठी सगळ्यांना ठाण्यात आणलं होतं. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मुलीला आत थांबवून घेतलं. बाहेर तिची माणसं उभी होती, दिवे मालवले गेले, दार बंद झालं. हळूहळू गर्दी जमली. ‘आत काय चाललं आहे?’ हा त्या रात्रीचा प्रश्न होता. जमाव चिडला, ठाणं जाळायची भाषा झाली, तेव्हा कुठे मुलीची बलात्काराची तक्रार लिहून घेतली गेली आणि तिला डॉक्टरकडे पाठवलं.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मुलीला रात्री ठाण्यात का बोलावलं, तिथे का थांबवलं, यावर न्यायालय काहीच कसं बोलत नाही, हा त्या पत्रातला एक बोचरा मुद्दा. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली. मथुरा प्रकरण म्हणून इतिहासाला माहीत असलेलं ते हेच. आज बाईला जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. कुणी बोलावलं तर ‘लेखी समन्स आहे का आणि जबाब घरी का नाही?’ असं विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

यानंतर न्यायालयं आणि कायदे थोडे भराभर चालले. १८ डिसेंबर १९९६ चा डी. के. बसू निकाल. अटक केली की पंचनामा करा, नातेवाइकाला कळवा, नियंत्रण कक्षात फलकावर नोंद लावा. ‘माझा माणूस कुठे आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळायची ही पहिली पक्की सोय. मग माहितीचा अधिकार. यात महाराष्ट्र पुढे होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ पासून लागू झाला, आणि देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून. १८६१ च्या डायरीतली माहिती मागायला साध्या माणसाला दार उघडलं ते तेव्हा.

पण कायदा असणं आणि प्रश्नाला उत्तर मिळणं यात अंतर आहे. ते किती भयंकर असू शकतं, हे नागपूरने १३ ऑगस्ट २००४ ला पाहिलं. कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारात, भर दुपारी, ठार मारलं. वर्षानुवर्षं तो वस्तीला छळत होता. तक्रारी केल्या तर कारवाई होत नाही, उलट आपलंच नाव त्याच्यापर्यंत पोहोचतं, असं वस्तीचं म्हणणं होतं. पुढे दहा वर्षं खटला चालला आणि पुराव्याअभावी आरोपी सुटले. जमावाने माणूस मारणं हा न्याय नव्हे. पण ठाण्यात प्रश्नाला उत्तर मिळत नाही असं एका अख्ख्या वस्तीचं मत झालं, की त्या मताचं काय होतं, हे विसरता येत नाही. म्हणून हा विषय मी फक्त कागदपत्रांचा मानत नाही.

आता दुसरी बाजू. समोरासमोर बसून उत्तर देणारे पोलीसही याच राज्यात होते. १९८४ मध्ये भिवंडीत मोठी दंगल झाली. त्या दशकाच्या अखेरीस तिथे सुरेश खोपडे हे उपायुक्त आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसायचे. बोलणं दंगलीवर क्वचितच व्हायचं. नळ, भांडणं, जुगार, हप्ते, अशा रोजच्या गोष्टींवर व्हायचं. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. यातला बारकावा असा की समिती नियमित बसत होती. संकट आल्यावर बोलावलेली शांतता समिती आणि दर महिन्याला बसणारी समिती, यात फार फरक असतो.

आता बुटीबोरीकडे या. गाव असताना गावाकडे काय होतं? पोलीस पाटील होता, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे. ग्रामसभा होती, तिथे कुणीही उभं राहून बोलू शकतो. २००७ च्या १५ ऑगस्टला आर. आर. पाटलांनी सुरू केलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम होती, तिची समिती ग्रामसभाच निवडायची. या गोष्टी आदर्श होत्या असं मी म्हणत नाही. पाटील कुणाच्या तरी भावकीतला असतो, आणि ग्रामसभेत बायका किती बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे. तरी बसायला एक जागा होती.

गाव मोठं झालं, नगरपरिषद आली. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. राज्यघटनेतली वॉर्ड समितीची सक्ती तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना आहे, बुटीबोरी त्यात बसत नाही. म्हणजे लोकवस्ती वाढली, कारखाने वाढले, गुन्हेही वाढणारच, आणि पोलिसांसमोर उभं राहून बोलायची जी जुनी जागा होती ती मात्र गेली. हे फक्त बुटीबोरीचं नाही. राज्यात जिथे जिथे औद्योगिक वसाहतीच्या कडेचं गाव शहर झालं, तिथे हे झालं आहे. ही जागा कुणी मुद्दाम काढून घेतली नाही, म्हणून ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग आज करायचं काय? सुरुवातीच्या त्या मोटारसायकलवाल्याकडे जाऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. त्याने पहिल्यांदा आपल्या हातातला कागद बघावा. तो गुन्ह्याचा आहे, अदखलपात्र म्हणजे एनसीचा आहे, की नुसती ‘गहाळ’ झाल्याची नोंद आहे? चोरी झालेली वस्तू ‘हरवली’ म्हणून लिहिली गेली तर चोरीचा तपास सुरूच होत नाही. आणि एनसी असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. मग ‘तपास कुठपर्यंत आला’ हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी उपयोग नाही.

गुन्हा नोंदलेला असेल, तर कलम १९३ सांगतं की तपासाची प्रगती पोलिसांनी तक्रारदाराला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायची. म्हणजे ‘काय झालं?’ याऐवजी त्याने विचारावं, ‘अमुक क्रमांकाच्या गुन्ह्यात ९० दिवस झाले, प्रगती लेखी कळवा.’ गुन्हा नोंदायलाच नकार मिळाला, तर कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना, टपालाने सुद्धा, पाठवता येते. आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं सांगितलं तर? महामार्गावरच्या गावात हे उत्तर नेहमीचं. त्याच कलमात आता लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर लिहून घ्यावी लागते. आणि काहीही लेखी दिलं की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख, म्हणजे पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

अटकेच्या बाबतीत कलम ३७. प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमलेला असतो आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात दिसेल असं लावायचं असतं. परप्रांतातल्या कामगाराला उचललं आणि खोलीवरच्या पोरांना काहीच कळत नाही, तेव्हा हा फलक विचारायचा. ठाण्यात मारहाण झाली असेल, तर सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा अशी मागणी लगेच लेखी करायची. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण जपण्याचा आदेश दिला आहे.

हे झाले एकेकट्याचे प्रश्न. गावाचेही प्रश्न असतात. गेल्या वर्षी वाहनचोरीचे किती गुन्हे नोंदले, किती उघडकीस आले? ठाण्याला मंजूर पदं किती, भरलेली किती? रात्रगस्तीला किती माणसं असतात? यासाठी माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. चालू तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते, कलम ८(१)(ज). ती रास्तही आहे, साक्षीदाराचं नाव उघडं झालं तर त्याचा जीव धोक्यात येईल. पण ‘तपास चालू आहे’ एवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने तपासाला नेमकी काय बाधा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात २००७ मध्ये म्हटलं. आणि मंजूर पदं किती या प्रश्नाचा कुठल्याच तपासाशी संबंध नाही.

खुद्द पोलिसांविरुद्धच तक्रार असेल तर? प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की राज्यात आणि जिल्ह्या-जिल्ह्यात तक्रार प्राधिकरणं नेमा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाच्या पातळीवर प्राधिकरण ठेवलं. नागपूर विभाग म्हणजे सहा जिल्हे. भामरागडच्या माणसाला हे किती लांब पडतं, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

शेवटी श्रोत्यांकडून चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेतो. ‘हे सगळं ठीक आहे, पण विचारणाऱ्यालाच त्रास झाला तर?’

प्रश्न खरा आहे आणि याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा, कंत्राटी कामावर असलेला माणूस एकटा अर्ज घेऊन गेला तर त्याला भीती वाटणारच. म्हणून गावाचे प्रश्न एकट्याने विचारू नयेत. सोसायटी, कामगार संघटना, व्यापारी मंडळ, महिला बचत गट, यांपैकी कुणीतरी पाच-दहा सह्यांनिशी विचारावेत. ठाणेदार चांगले असतील तर त्यांनाही हे सोयीचंच जातं. ठाण्यात माणसं कमी आहेत हे त्यांनी वर सांगणं वेगळं, आणि गावाने लेखी विचारणं वेगळं. बुटीबोरीत ग्रामसभा गेली आहे, पण नगरपरिषदेत ठराव करून महिन्यातून एकदा ठाणेदारांसोबत खुली बैठक मागायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. बैठकीत काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, याची वही मात्र गावाने स्वतः ठेवावी, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तीच वाचून करावी.